प्रीॲम्प बदलला की आवाज खरोखर बदलतो का? तीन प्रीॲम्प, एक खोली आणि तानपुरा

मंद्रषड्ज (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. गेले ५ आठवडे माझ्या घरी तीन प्रीॲम्प (तबकडी की डिजिटल ते निवडून आणि आवाजाची पातळी ठरवून पॉवर ॲम्पकडे सिग्नल पाठवणारी उपकरणे) एकाच वेळी मुक्कामाला आहेत. त्यांच्या आवाजातला फरक मला खरोखर ऐकू येतो आहे की नुसता वाटतो आहे, हा प्रश्न आता झोपेतही सतावू लागल्यामुळे हा धागा काढतो आहे.

आधी मांडणी सांगतो. कोथरूडमधल्या फ्लॅटमधली माझी खोली १४ फूट बाय ११ फूट आहे. टर्नटेबल, फोनो स्टेज (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणारा) आणि डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणारा) ही उपकरणे माझ्या खुर्चीजवळच्या कपाटात आहेत, तर स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प समोर दोन स्पीकरांच्या मध्ये जमिनीवर आहे. त्यामुळे प्रीॲम्पपासून पॉवर ॲम्पपर्यंत भिंतीच्या कडेने ५ मीटरची केबल जाते.

पहिला प्रीॲम्प माझा स्वतःचा आहे. २२ वर्षांपूर्वी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सामान आणून मी तो बांधला आणि त्यात एक सिलेक्टर स्विच व ५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (मूठ फिरवून आवाज कमीजास्त करणारा रोध) एवढेच आहे. तो पॅसिव्ह, म्हणजे सिग्नल न वाढवता फक्त कमी करणारा, असल्याने त्याला वीज लागत नाही. दुसरा ऑडिओ रिसर्चचा रेफरन्स ५ एसई, म्हणजे व्हॉल्व्हवाला (काचेच्या निर्वात नळ्यांचा). तो आपल्यातल्याच एका सदस्याने उदार मनाने ऐकायला दिला आहे. तिसरा बेंचमार्कचा एलए४. त्यात आवाज कमीजास्त करण्यासाठी पोटेन्शिओमीटरऐवजी रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि रोधक आहेत आणि प्रत्येक पायरी अर्ध्या डेसिबलची (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचे माप) आहे.

ऐकण्यासाठी मी बहुधा यमनची एक जुनी तबकडी आणि त्याच गायिकेच्या मैफलीचे डिजिटल ध्वनिमुद्रण वापरतो. व्हॉल्व्हवर गायिका एक पाऊल पुढे येऊन बसते आणि तानपुरा तिच्या मागे पडद्यासारखा पसरतो. एलए४वर प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असते, पण तानपुऱ्याच्या तारेला किंचित धार वाटते. माझ्या जुन्या डब्यावर आवाज मऊ आणि सभ्य येतो, मात्र गायिका थोडी डावीकडे सरकल्यासारखी वाटते आणि जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेच्या झणकाराची, चमक कमी होते.

यातला एक विकत घ्यायचा झाल्यास छोट्या चारचाकीच्या पहिल्या हप्त्याएवढी रक्कम मोजावी लागेल, म्हणून विचारतो. हा फरक प्रीॲम्पचा असतो का, आणि असला तर तो नेमका कुठून येतो?

शंकासुर

आवाजाची पातळी तिन्हींवर कशी जुळवली, हे आपण लिहिलेले नाही. ते कळेपर्यंत पाऊल पुढे आणि पडदा मागे या वर्णनावर मी मत राखून ठेवतो.

जुनी तबकडी

तो उदार सदस्य मीच, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजण्यास हरकत नाही.

मी ३० वर्षांत बरेच प्रीॲम्प ऐकले आणि विकले. माझा अनुभव असा की स्पीकर आणि पॉवर ॲम्प मोठ्या गोष्टी ठरवतात, पण गाणाऱ्याचा श्वास खोलीत येतो की नाही हे प्रीॲम्पवर ठरते. मंद्रषड्ज यांनी जे एक पाऊल पुढे म्हटले आहे, ते मला अगदी तसेच माझ्या घरीही ऐकू येते, आणि माझी खोली, स्पीकर, पॉवर ॲम्प सगळेच निराळे आहे. दोन घरांत दोन माणसांना एकच गोष्ट ऐकू येत असेल, तर ती उपकरणातच असली पाहिजे.

शंकासुर

किंवा त्या उपकरणाविषयी दोघांनी एकच परीक्षण वाचलेले असले पाहिजे.

सोल्डरबहाद्दर

श्वासाचा वाद चालू द्या. तोवर पॅसिव्ह डब्याविषयी लिहितो, कारण तिथे कानाआधी आकडेमोड बोलते.

पोटेन्शिओमीटरचा आउटपुट इम्पिडन्स (पुढच्या केबलला दिसणारा त्याचा रोध) मूठ फिरवताना सारखा बदलत असतो. आवाज निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ६ डेसिबल खाली असताना तो सर्वांत जास्त असतो आणि एकूण रोधाच्या चौथ्या हिश्शाइतका भरतो. ५० किलोओहमसाठी हे झाले १२.५ किलोओहम. साध्या शील्डेड केबलची धारकता मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर आपल्या ५ मीटर केबलची ५०० पिकोफॅरड होते. या दोघांचा मिळून एक फिल्टर तयार होतो, ज्याची कड (जिथे घट ३ डेसिबल भरते ती वारंवारता) २५.५ किलोहर्ट्झला पडते. म्हणजे २० किलोहर्ट्झला सुमारे २ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला ०.६ डेसिबल घट. तुमचे वय मला माहीत नाही. पन्नाशीपुढच्या बहुतेकांना २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, त्यामुळे तो २ डेसिबलचा आकडा फक्त घाबरवण्यापुरता आहे. १० किलोहर्ट्झचा आकडा मात्र जवारीची चमक कमी वाटण्याशी जुळतो.

रेफरन्स ५ एसईचा सिंगल एंडेड (साध्या आरसीए जोडणीचा) आउटपुट इम्पिडन्स ३०० ओहम आहे. त्याच केबलवर त्याची कड १ मेगाहर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे केबल जणू नाहीच. एलए४चा तर त्याहूनही कमी. तेव्हा तुमच्या तीन प्रीॲम्पपैकी एक जण वरच्या पट्टीत खात्रीने वेगळा आहे आणि त्याचे कारण मंत्रतंत्राचे नाही. त्याला पॉवर ॲम्पशेजारी ठेवून अर्ध्या मीटरची केबल लावलीत, तर तो गुन्हा बराचसा माफ होईल.

मंद्रषड्ज

शंकासुर, पातळी कानाने जुळवली होती, हे कबूल करतो. गायिकेचा मध्य षड्ज तिन्हींवर सारखा वाटेपर्यंत मूठ फिरवत बसलो होतो. सोल्डरबहाद्दर, केबलचा हा हिशोब २२ वर्षांत मला एकदाही सुचला नाही, याची लाज वाटते.

शंकासुर

लाज वाटू देऊ नका, कानाने जुळवणे ही सार्वत्रिक चूक आहे. अडचण अशी की अर्ध्या डेसिबलचा फरक आपल्याला मोठा आवाज म्हणून कळत नाही. तो अधिक जिवंत, अधिक जवळचा, अधिक मोकळा म्हणून कळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले होते की हलक्या आवाजात आपला कान खर्जाला आणि टोकाच्या तार स्वरांना कमी दाद देतो. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारे उपकरण एकूणच भरदार वाटू लागते आणि आपण श्रेय उपकरणाला देतो.

उपाय स्वस्त आहे. चाचणीचा एकसुरी ध्वनी वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असल्यामुळे १ किलोहर्ट्झवर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, २०० हर्ट्झचा ध्वनी घ्या. एका प्रीॲम्पवर २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ यांच्या मध्ये आणा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा. आपली गायिका डावीकडे का सरकते, याचे उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

स्वयंभू गांधार

मी उपकरणांतली जाणकार नाही. पण गाणे शिकते आणि तानपुऱ्याशी रोज गाठ पडते, म्हणून एक शंका मांडते.

व्हॉल्व्हच्या गोडव्याचे श्रेय दुसऱ्या हार्मोनिकला (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेच्या स्वरांशाला) देतात, असे मी वाचले आहे. गाणाऱ्याच्या भाषेत हा हिशोब सोपा आहे. षड्ज लावला की दुसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिसरा म्हणजे त्या सप्तकातला पंचम, चौथा आणखी वरचा षड्ज आणि पाचवा म्हणजे त्याच्याही सप्तकातला गांधार, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो आणि ज्याच्यावरून मी हे नाव घेतले. सातवा कोमल निषादाच्या जवळ जातो, पण त्याहून उतरलेला असतो, म्हणून तो कुठल्याही उपकरणाने पदरचा घातला तर बोचणारच. दुसरा कितीही घातला तरी तो षड्जच राहतो.

आता गंमत अशी की तानपुऱ्याची घोडी नेमके हेच काम करते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले होते की तार ज्या ठिकाणी छेडली, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू (कंप नसलेली जागा) येतो आणि जे नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत, ते स्वरांशही तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे जोरकस ऐकू येतात. जो आवाज मुळातच या स्वरांशांनी काठोकाठ भरलेला आहे, त्यात प्रीॲम्पने ०.१ टक्का दुसरा हार्मोनिक मिसळला, तर तो ऐकू येणार तरी कसा? तो ६० डेसिबल खाली असेल, आणि तानपुऱ्याचा स्वतःचा वरचा षड्ज त्याच जागी ठाण मांडून बसलेला असेल.

मला वाटते, व्हॉल्व्हचा हा गुण ऐकायचा असेल तर बासरीच्या खालच्या सप्तकातला लांब स्वर अधिक उपयोगी पडेल. त्यात स्वरांश कमी असतात, त्यामुळे पाहुणा लगेच ओळखू येतो. तानपुऱ्यावरून कळेल ते सोल्डरबहाद्दर म्हणतात तसे, चमक कमी झाली की वाढली एवढेच.

मिरजकर

ताईंशी सहमत आहे. आमच्याकडे जवारी लावताना घोडीवरचा दोरा केसभर सरकवला की तानपुरा गातो किंवा गप्प होतो. तेवढा फरक मला आजवर कुठल्याही यंत्राने करून दाखवलेला नाही. चारचाकीच्या हप्त्याच्या रकमेत उत्तम तानपुऱ्यांची जोडी मिळते आणि त्यांना केबल लागत नाही.

चावट पडदा

पाऊल पुढे टाकणाऱ्या गायिकेबद्दल माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकांनाही बोलायचे आहे. त्यांच्या मते तिने दोन मजले वर जावे.

म्हापशेकर

व्हॉल्व्हवाल्यांचे खर्जाशी काय नाते असते, यावर माझा अनुभव लिहितो, कारण तो मला महागात पडला.

काही वर्षांपूर्वी मी एक जुना व्हॉल्व्ह प्रीॲम्प घेतला. कोणाचा, ते महत्त्वाचे नाही. सोबत नवा, छोटासा क्लास डी पॉवर ॲम्प जोडला. गाणे सुरेख वाजत होते, पण तबल्याच्या बायाँचा घुमारा नाहीसा झाला होता. ठेका कोणीतरी टेबलावर बोटांनी वाजवतो आहे असे वाटे. मी स्पीकर हलवले, खाली ग्रॅनाइटची लादी घातली, मित्रांना बोलावून तक्रारी केल्या.

शेवटी झाकण उघडले. व्हॉल्व्हच्या टप्प्यानंतर डीसी अडवण्यासाठी एक कपॅसिटर असतो, तो ०.४७ मायक्रोफॅरडचा निघाला. त्या काळच्या पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स (प्रीॲम्पला पुढे दिसणारा रोध) १०० किलोओहम असायचा, त्यात ही जोडी ३ ते ४ हर्ट्झपर्यंत सरळ जायची. माझ्या नव्या पॉवर ॲम्पचा इनपुट होता १० किलोओहम, म्हणून कड एकदम ३४ हर्ट्झवर आली. ५० हर्ट्झला दीड डेसिबलहून जास्त आणि ८० हर्ट्झला पाऊण डेसिबलच्या आसपास घट. प्रीॲम्प निर्दोष, पॉवर ॲम्प निर्दोष, दोघांचे लग्न चुकीचे. मोठा कपॅसिटर घातल्यावर बायाँ परत आला.

म्हणून मंद्रषड्ज यांना विचारतो, आपल्या पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स किती आहे? रेफरन्स ५ एसईला पुढे किमान २० किलोओहमचा भार मिळावा अशी त्याच्या निर्मात्यांची शिफारस आहे.

जाता जाता आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. जुलैमध्ये पोटेन्शिओमीटर फिरवला की पापड भाजल्यासारखा आवाज येतो आणि आरसीए जॅकवर हिरवट पूट चढते. पावसाळ्यात केलेल्या तुलनेवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

मंद्रषड्ज

म्हापशेकर, पॉवर ॲम्पचे माहितीपत्रक शोधून पाहिले. इनपुट ४७ किलोओहम आहे, म्हणजे ती भीती नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितो आहे. मला मूळ प्रश्नच थोडा निराळा दिसतो. प्रीॲम्प हवा कशाला?

सीडीच्या काळापासून उपकरणे २ व्होल्टच्या आसपास आउटपुट देतात आणि बहुतेक पॉवर ॲम्पना पूर्ण क्षमतेसाठी १ ते २ व्होल्ट पुरतात. म्हणजे घरात गेनची, म्हणजे सिग्नल वाढवण्याची, गरज उणे आहे. तरीही १५-२० डेसिबल गेनचे प्रीॲम्प विकले जातात, लोक मूठ घड्याळातल्या सात-आठच्या जागी, म्हणजे जवळजवळ बंद, ठेवून ऐकतात, आणि साध्या पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे संतुलन सगळ्यात वाईट असते ते त्याच टोकाला. माझा डॅक थेट पॉवर ॲम्पला जोडलेला आहे. डिजिटल पातळी उतरवल्याने बिट मरतात ही ओरड १६ बिटांच्या यंत्रांच्या काळातली आहे. २४ बिटांच्या डॅकमध्ये १६ बिटांचे संगीत ४८ डेसिबल खाली आणेपर्यंत एकही बिट गळत नाही. डॅकची स्वतःची खरखर तेवढी खाली येत नाही, हा आक्षेप मान्य आहे, पण माझ्या स्पीकरांवर ती कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

जुनी तबकडी

हडसनकाठ यांचे सगळे आकडे बरोबर आहेत आणि ते सगळे सीडीनंतरचे आहेत.

प्रीॲम्प जन्मला तो तबकडीसाठी. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा भाग, त्यातले मूव्हिंग मॅग्नेट जातीचे चारपाच मिलिव्होल्ट देते आणि मूव्हिंग कॉइल मिलिव्होल्टचा एखादा तुकडा. शिवाय १९५४ साली आरआयएए वक्र (तबकडी कापताना कोणते स्वर किती घटवायचे-वाढवायचे याचा ठरलेला आलेख) सर्वमान्य होईपर्यंत प्रत्येक कंपनी आपापल्या वक्राने तबकड्या कापत होती, म्हणून जुन्या प्रीॲम्पवर तऱ्हेतऱ्हेच्या वक्रांची बटणे दिसतात. १९५८ सालचा मारांट्झ मॉडेल ७ आजही लोक जपून वापरतात. १९६७ साली क्वाड ३३ आला आणि ट्रान्झिस्टर घराघरांत शिरला. मग १९७३ सालच्या मार्क लेव्हिन्सन एलएनपी-२पासून प्रीॲम्प ही चैनीची वस्तू झाली, हे मीही मान्य करतो.

आता चाचणीविषयी. पाच सेकंदांनी बटण दाबून हा की तो असे विचारणे ही माझ्या मते गाणे ऐकण्याची रीत नाही. विलंबित ख्यालात गायक पंचमावर यायलाच कधी कधी दहा मिनिटे घेतो. दोन तास ऐकल्यावर थकवा आला की नाही, तबकडी उलटून दुसरी बाजू लावावीशी वाटली की नाही, ही माझी परीक्षा आहे, आणि ती तुमच्या एबीएक्स चाचणीत (ए आणि बी यांपैकी एक्स कोणता ते न पाहता ओळखण्याच्या) बसत नाही.

शंकासुर

दोन तासांची परीक्षा डोळे झाकूनही घेता येते. प्रीॲम्पवर कापड टाका, कोणता जोडला आहे हे घरच्यांना ठरवू द्या, आठवडाभर ऐका आणि वहीत लिहा. घाई करण्याची सक्ती कोणीच केलेली नाही. झटपट बदलण्याचा आग्रह एवढ्यासाठीच असतो की आवाजाच्या बारकाव्यांची आपली स्मृती काही सेकंदांतच पुसट होते.

बॉब कार्व्हर यांचा १९८५ सालचा किस्सा इथे सांगण्यासारखा आहे, जरी तो पॉवर ॲम्पचा असला तरी. त्यांनी स्टिरिओफाइल मासिकाला आव्हान दिले की तुम्हाला आवडणाऱ्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पसारखाच आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो. दोन्हींच्या आउटपुटची वजाबाकी करून जे उरेल ते शून्याच्या जवळ येईपर्यंत त्यांनी आपल्या यंत्रात फेरबदल केले, आणि मासिकाच्या परीक्षकांना दोघांत फरक सांगता आला नाही. यावरून व्हॉल्व्हचा आवाज खोटा ठरत नाही. तो मोजता येतो आणि उसना घेता येतो, एवढे ठरते.

मंद्रषड्ज, १६ फेऱ्या करा, म्हणजे कोणता प्रीॲम्प वाजतो आहे ते न पाहता १६ वेळा ओळखा. १२ किंवा अधिक बरोबर आल्या, तर नुसत्या नशिबाने तसे होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. १० आल्या तर ती जवळपास २३ टक्के असते, म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

सोल्डरबहाद्दर

चार ध्रुवांचा एक टॉगल स्विच आणि सहा जॅक एवढ्यात दोन प्रीॲम्प आलटून-पालटून जोडणारी पेटी होते. दोन्ही प्रीॲम्पना एकाच डॅकचा सिग्नल द्या, आउटपुट पेटीत आणा आणि ५ मीटरची केबल पेटीच्या पुढे लावा. माझ्याकडे बांधलेली आहे, शनिवारी कर्वे रस्त्याला येतो तेव्हा घेऊन येईन. फक्त पॉवर ॲम्प चालू असताना केबल उपटू नका. तसे करून मी एकदा ट्वीटर (तार स्वरांचा छोटा स्पीकर) गमावला आहे.

मंद्रषड्ज

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. उशिराबद्दल क्षमस्व, पण लिहिण्यासारखे बरेच साचले आहे.

आधी पातळी. कानाने जुळवलेल्या जागी खुणा करून ठेवल्या होत्या, त्या तशाच ठेवून मोजले. एलए४वर २.०० व्होल्ट असताना रेफरन्स ५ एसईवर २.१७ व्होल्ट आले, म्हणजे ०.७ डेसिबल जास्त. गायिकेचे पुढे आलेले पाऊल एवढ्या लांबीचे होते. माझ्या पॅसिव्ह डब्यात डावी बाजू उजवीपेक्षा ०.९ डेसिबल चढी निघाली. ती गायिका २२ वर्षे डावीकडे बसली आहे आणि मी ध्वनिमुद्रकाला दोष देत आलो.

मग सोल्डरबहाद्दर यांच्या पेटीवर फेऱ्या. पेटी दारामागे होती आणि माझी मुलगी नाणे उडवून स्विच हलवायची. तिने प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवली. पॅसिव्ह विरुद्ध एलए४ यात १६ पैकी १४ बरोबर आल्या. मी खूश झालो, पण मुलीने लगेच विचारले की बाबा, तुम्ही गायिका कुठे बसली आहे तेच ऐकत नव्हता ना? मग एकच स्पीकर लावून, त्याची पातळी जुळवून पुन्हा केल्या. या वेळी १२ आल्या आणि प्रत्येक उत्तराला घाम फुटला. सोल्डरबहाद्दर यांचा ०.६ डेसिबल माझ्या कानांना असा निसटता ऐकू येतो.

रेफरन्स विरुद्ध एलए४ यात पहिल्या खेपेला १३ बरोबर आल्या. जुनी तबकडी यांना फोन लावणार इतक्यात लक्षात आले की संगीत सुरू होण्याआधीच्या शांततेत ट्वीटरमधून येणारी व्हॉल्व्हची अगदी बारीक सळसळ मी हेरत होतो. माझे स्पीकर संवेदनशील आहेत आणि खुर्ची जवळ आहे. संगीत सुरू झाल्यावरच स्विच हलवायचा असा नियम केला आणि १६ पैकी ९ आल्या. स्वयंभू गांधार यांच्या सल्ल्याप्रमाणे बासरी लावून पाहिली, तिथे १० आल्या.

तबकडीवरही करायचे होते, पण तिथे एक निराळाच पेच निघाला. वर्षानुवर्षे माझी पक्की खात्री होती की माझ्या घरी तबकडीचा आवाज डिजिटलपेक्षा मोकळा आणि चमकदार येतो. पॅसिव्ह डब्यावर ही खात्री आजही टिकते. एलए४ आणि रेफरन्सवर मात्र तो फरक जवळजवळ दिसत नाही. असे का व्हावे?

सोल्डरबहाद्दर

तबकडी ऐकताना पॅसिव्ह डब्याची मूठ कुठे असते?

मंद्रषड्ज

पूर्ण उघडी. माझ्या फोनो स्टेजचा गेन ५४ डेसिबलच आहे आणि कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्टचे, म्हणजे हाती ०.१५ व्होल्ट येतात. डॅक ऐकताना मूठ मध्याच्या आसपास असते.

सोल्डरबहाद्दर

मग झाले की! मूठ पूर्ण उघडी असली म्हणजे पोटेन्शिओमीटरचा रोध मालिकेत राहतच नाही. केबलला दिसतो तो फक्त फोनो स्टेजचा आउटपुट इम्पिडन्स, आणि तो शेकड्यांत असतो. त्यामुळे तबकडीची वरची पट्टी शाबूत राहते. डॅकसाठी मूठ मध्यावर आणली की १२.५ किलोओहम मध्ये येतात आणि जवारीवर कापड पडते. तुम्ही २२ वर्षे तबकडी आणि डिजिटल यांची तुलना करत नव्हता. एकाच पोटेन्शिओमीटरच्या दोन जागांची तुलना करत होता.

हडसनकाठ

हे वाचून मी माझ्या जुन्या वादांची मनातल्या मनात उजळणी केली आणि दोन मित्रांना पत्र लिहायला घेतले.

जुनी तबकडी

शाब्बास. तरीही एक गोष्ट नोंदवतो. ०.१५ व्होल्ट पुरत नाहीत, म्हणजे तबकडीसाठी तुम्हाला गेन हवाच आहे, आणि गेन देणारी वस्तू प्रीॲम्पच असते. हडसनकाठ यांचा उणे गेनचा सिद्धान्त तुमच्या कपाटाच्या निम्म्याच भागाला लागू पडतो.

स्वयंभू गांधार

बासरीवर १० आल्या हे वाचून किंचित वाईट वाटले, पण सल्ला माझा होता, म्हणून निकालही माझाच. एक सुचवते. बासरी ध्वनिमुद्रणातली होती. त्यात खोलीचे, मायक्रोफोनचे आणि फुंकरीचे आवाज मिसळलेले असतातच. घरी कोणी वाजवणारे असेल तर समोर बसवून वाजवायला सांगा आणि मग तेच ध्वनिमुद्रण ऐका. कोणता प्रीॲम्प जवळ जातो ते तेव्हा विचारता येईल.

मिरजकर

वादक बोलावणार असाल तर तानपुरेही बोलवा. मी घेऊन येतो.

म्हापशेकर

आणि १४ फुटांच्या खोलीत ४० हर्ट्झला भिंतीभिंतींत जो लोंबकळता फुगवटा येतो, तो तिन्ही प्रीॲम्पवर सारखाच असणार. त्यावर कोणी बोललेच नाही. खुर्ची फूटभर पुढे घेऊन पाहा. त्याने होणारा बदल पेटीशिवाय, नाण्याशिवाय ऐकू येईल.

मंद्रषड्ज

खुर्ची हलवली. म्हापशेकर यांचे म्हणणे खरे आहे आणि ते मी दोन आठवडे आधी ऐकायला हवे होते.

सध्याचा निर्णय असा. फोनो स्टेजखाली गेन बदलण्याचा एक बारीक स्विच सापडला, तो ६० डेसिबलवर केला आहे. पॅसिव्ह डब्यात १० किलोओहमचा, डावी-उजवी बाजू नीट जुळणारा नवा पोटेन्शिओमीटर बसवतो आहे. त्याचा सर्वांत वाईट आउटपुट इम्पिडन्स अडीच किलोओहम येईल, म्हणजे तीच केबल ठेवूनही कड १२५ किलोहर्ट्झच्या पुढे जाईल. फक्त फोनो स्टेजला १० किलोओहमचा भार झेपतो की नाही ते आधी पाहायचे आहे. एलए४ दिवाळीपर्यंत ठेवून घेणार आहे. प्रामाणिकपणे सांगतो, त्याची अर्ध्या डेसिबलची पायरी आणि रिमोट सोडवत नाही, आणि हे कारण आवाजाचे नाही, खुर्चीतून न उठण्याचे आहे.

जुनी तबकडी, आपला रेफरन्स खोक्यात भरून ठेवला आहे, व्हॉल्व्ह वेगळे गुंडाळले आहेत. रात्री दिवे घालवून त्याच्यावर यमन ऐकताना मला आजही तो जास्त आवडतो. १६ पैकी ९ हा आकडा माहीत असूनही आवडतो.

जुनी तबकडी

रविवारी न्यायला येतो. खोके बंद करू नका आणि मुलीला दुपार मोकळी ठेवायला सांगा. मलाही १६ फेऱ्या करायच्या आहेत. व्हॉल्व्ह माझे आहेत, त्यांची सळसळ मी कित्येक वर्षे ऐकतो आहे, तेव्हा संगीत आधी सुरू करायचा तो नियम मला लागू करू नये.

शंकासुर

नियम सर्वांना लागू. नाणे मी आणतो.